पाठ केलेला विश्वास

आमच्या मंडळीत पाठ म्हणायला बंदी नव्हती, पण पाठ म्हणणाऱ्याकडे लोक जरा दया आल्यासारखे बघायचे. जालन्यातली आमची बॅप्टिस्ट मंडळी म्हणजे इनमिन वीस-पंचवीस घरं. विश्वास ज्याचा त्यानं, स्वतःच्या तोंडानं, स्वतःच्या शब्दांत सांगायचा. त्याला साक्ष म्हणतात. सोळाव्या वर्षी बाप्तिस्म्याआधी मी जी साक्ष दिली ती अख्खी माझ्या मैत्रिणीची होती. तिच्या टायफॉइडच्या जागी मी फक्त माझी कावीळ घातली. मंडळी गहिवरली. त्या उन्हाळ्यात, बुडवून बाप्तिस्मा देतात तो हौद भरायला टँकर मागवावा लागला होता आणि शेजारच्या बाया घागरी घेऊन फाटकाशी उभ्या होत्या. मी पापातून कधी वर येते यापेक्षा हौदातून कधी वर येते, याचीच त्यांना जास्त काळजी होती.

आई मूळची आमच्यातली नव्हे. तिच्या माहेरच्या चर्चमध्ये दर रविवारी सगळे उभे राहून विश्वासांगीकार, म्हणजे विश्वासाची ठरलेली छापील कबुली, म्हणत. पिता, पुत्र, पवित्र आत्मा, सगळं ओळीनं, एका सुरात. तो तिला लहानपणापासून पाठ होता. लग्न होऊन आली तेव्हा, तान्हेपणी कपाळावर शिंपडलेलं पाणी आमच्यात धरत नाहीत म्हणून, तिला पुन्हा पूर्ण बुडवून बाप्तिस्मा दिला. “देवाला एकदा केलेलं ध्यानात राहत न्हाई का?” एवढंच ती म्हणाली आणि ओल्या केसांनी चुलीशी जाऊन बसली, असं पप्पाच सांगायचे.

पप्पा शाळेत विज्ञान शिकवायचे आणि मंडळीचा कारभार बघणारे डीकन होते. विश्वासांगीकाराबद्दल त्यांचं मत पक्कं होतं. “त्यातला एक शब्द खोटा न्हाई. पिता देव, पुत्र देव, आत्मा देव, आणि देव एकच. मला बराबर मान्य आहे. पण शास्त्रात आहे तेवढं बस. माणसांनी सभा भरवून लिहिलेलं दुसऱ्याच्या तोंडात कशाला घालायचं?” ह्या तीनांत एक असण्याला, त्रैक्याला, उपमा दिलेलीही त्यांना खपत नसे. मी संडे स्कूलमध्ये पोरांना शिकवायचे, तिथं एकदा तीन पानांचं एक पान म्हणून बेलाचं पान घेऊन गेले होते. महिनाभर माझ्याकडून वर्ग काढून घेतला. काढून घेणारे पप्पाच.

आईला मात्र ते एकाच शब्दावरून चिडवायचे. तिच्या माहेरच्या पुस्तकात ‘मी विश्वास ठेवितो’ असं छापलेलं, म्हणून तिथल्या पोरीबाळी, म्हाताऱ्या, सगळ्या ‘ठेवितो’च म्हणायच्या.

“बघा, बाईमाणूस असून ठेवितो! अगं, विश्वास तुझा का छापखान्याचा?”

“छापखान्याचा तर छापखान्याचा. तुमच्यासारखा दर रविवारी नवा शोधावा लागत न्हाई.”

पण आमच्या घरात तिनं तो कधी म्हटला नाही. पन्नासेक वर्षं.

मग ती विसरायला लागली. आधी कुकरच्या शिट्ट्या, मग मस्तगडला जायचा रस्ता, मग मी. मी वरच्या मजल्यावर राहते, दिवसातून दहादा खाली यायचे. ती मला ‘बाई’ म्हणायची आणि पगार वेळेवर मिळतो का ते आपुलकीनं विचारायची. मी हो म्हणायचे. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या कामाचं कोणी कौतुक करत होतं.

पप्पांना ते विसरणं एका जागी फार लागलं. मंडळीचे पाळकसाहेब घरी प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस द्यायला आले, त्यांनी सहज विचारलं, “आई, येशू तुमचा कोण?” आई त्यांच्याकडे बघून हसली आणि म्हणाली, “ह्यांना चहा टाका.” त्या दिवसापासून पप्पा रोज दुपारी तिच्या पलंगाजवळ खुर्ची ओढून बसायचे.

“सांग ना, येशू तुझा कोण?”

“तुम्हीच सांगा. तुम्ही शिकलेले दिसता.”

एकदा ते जिन्यापर्यंत आले. वर चढवत नव्हतं, खालूनच म्हणाले, “तिच्या वतीनं मी साक्ष दिली तर चालंल का गं?”

“आपल्यात न्हाई चालत, पप्पा,” मी म्हणाले. जशी काही मीच परीक्षा मंडळावर. ते कठड्याला धरून परत गेले. बोललेलं परत घेता आलं असतं तर मी ते वाक्य आधी घेतलं असतं, बाकी सगळं नंतर.

त्यानंतर आठवड्याभरात, भर दुपारी, आई पलंगाची दांडी धरून उभी राहिली. हात जोडले आणि शाळकरी आवाजात सुरू केलं, “मी विश्वास ठेवितो...” पप्पा खुर्चीतून अर्धवट उठले. ती न अडखळता चालली होती, पुत्रापर्यंत आली, क्रूसापर्यंत, पुरल्यापर्यंत. “तिसऱ्या दिवशी” म्हणाली आणि थांबली. शेजारी बघितलं, चर्चमध्ये बाकावरच्या बायकांकडे बघावं तसं. शेजारी आम्ही होतो. दोघं जन्माचे बॅप्टिस्ट, तोंड बंद.

तिनं पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. पुन्हा तिथंच अडकली. चौथ्या वेळी रडायला लागली. “सगळे गप का बसून राह्यले?”

मी मोबाइलवर शोधलं. सापडला तो नव्या भाषेतला. मी दोन ओळी वाचल्या तर ती रागावली, “असं न्हाई, बाई! जल्दी सांगा, लोक थांबलेत.” माझं एवढं बोलकं तोंड, आयुष्यभर साक्षीत कमी पडलं नाही, ते तिथं काही कामाचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पप्पा रिक्षानं तिच्या माहेरच्या चर्चला गेले. तिथल्या म्हाताऱ्या सेवेकऱ्यानं कपाटातून जुनं पुस्तक काढलं, पण नेऊ दिलं नाही. पप्पांनी तिथंच बसून अख्खा विश्वासांगीकार हातानं उतरवून आणला. मग पाठ करायला लागले. ऐंशीच्या वरच्या माणसाला पाठ होणं सोपं नाही. न्हाणीघरातून त्यांचा आवाज यायचा. मी दाराबाहेर टॉवेल घेऊन उभी असले की दचकून गप्प व्हायचे, आणि लगेच मोठ्यानं खोकायचे.

चार-पाच दिवसांनी ती उभी राहिली तेव्हा ते तिच्या शेजारी उभे राहिले. ‘तिसऱ्या दिवशी’ला ती थांबली आणि त्यांनी पुढचं दिलं. तिनं ते धरलं. दोघं मिळून आमेनपर्यंत गेले. ती बसली, पदर सारखा केला आणि चहा मागितला.

मग रोजचंच झालं. एकदा ते पाणी प्यायला आत गेले तशी आई माझ्या कानाशी वाकून म्हणाली, “हा माणूस चांगला आहे, बाई. आमच्याच चर्चचा दिसतो.”

पप्पा दारातच होते. त्यांनी ऐकलं. मला वाटलं, आता वाद घालतील. निदान विनोद तरी करतील. “हां बाई, तिथलाच,” ते तिला म्हणाले आणि ग्लास तोंडाला लावून पाठमोरे उभे राहिले.

थंडीत आई गेली. आमच्यात दफनाच्या उपासनेत घरच्यांनी गेलेल्याच्या विश्वासाबद्दल बोलायचं असतं. मी घरून मुद्दे काढून नेले होते. उभी राहिले आणि तिच्या हातच्या आंबट वरणाबद्दल काहीतरी बोलून रडत खाली बसले. पप्पा उठले. “शेवटी तिला स्वतःचे शब्द राह्यले नव्हते. दुसऱ्यांचे होते, त्यांना धरून ती रोज उभी राह्यली. मला आणखी काही माहीत न्हाई,” म्हणाले आणि बसले. मागच्या बाकावर कुजबुज झाली. ज्या माणसानं त्यांना इतकी वर्षं असल्या पाठाविरुद्ध सांगितलं, त्याचीच ती मंडळी.

कबरस्तानातून निघताना त्यांच्याबरोबरच्या जुन्या डीकननं त्यांचा हात धरला आणि हळूच विचारलं, “पण सर, खरं सांगा. त्यांना कळत होतं का, काय म्हणून राह्यल्या ते?”

“न्हाई माहीत.”

“तुम्हाला तरी ओळखत होत्या?”

“ओळखत न्हाई,” पप्पा म्हणाले. “पण मी पुढचं सांगीन म्हणून थांबायची.”