तीन भाग मिथेनॉल, एक भाग एरंडेल

बातमी मला सूनबाईच्या फोनवरून कळली. चहा ठेवता ठेवता ती म्हणाली, "बाबा, कसब्यातले तुमचे ते इंजिनवाले गेले वाटतं. काल दुपारी." फोनवर जोडलेले हात, फुलं, आणि खाली गजाभाऊचा कुणाच्या तरी लग्नातला फेटा बांधलेला फोटो. सगळं उरकूनही झालं होतं. चाळीस वर्षांचा दोस्त, आणि मला कळवावं असं कुणाला वाटलं नाही... असो. मी त्या दिवशी चहा घेतला नाही, एवढंच. आता दीड महिना झाला. पुरवणीवाल्यांनी लिहा म्हटलं म्हणून लिहितोय. चौथीत शाळा सुटली माझी. ऱ्हस्व-दीर्घ बघायला ज्यांना पगार मिळतो त्यांनी ते बघावं.

गजाभाऊ टर्नर होता. दिवसा कारखान्यात, आणि घरी आला की कसबा पेठेतल्या आपल्या दोन खोल्यांपैकी एकीत छोट्या लेथवर. दुसऱ्या खोलीत संसार. त्या लेथवर तो मुठीत मावतील अशी इंजिनं करायचा, खेळातल्या विमानाची. दोन तारांना बांधलेलं विमान माणसाभोवती गोल फिरतं, त्याची. पिस्टन बिडाचा, त्याला रिंग नाही. लायनरमध्ये, म्हणजे त्याच्या नळीत, तो असा बसायचा की कोरडा असताना निम्म्यावर अडावा आणि तेलाचा थेंब पडला की लोण्यासारखा फिरावा. मी सदाशिव पेठेत गॅरेजमध्ये मेकॅनिक. इंजिन त्याने घडवायचं आणि त्याला पाजायचं मी, अशी आमची वाटणी. त्यात त्याने कधी हात घातला नाही, मी घालू दिला नाही.

लोकांना वाटतं पेट्रोल ओतलं की इंजिन चालतं. या इंजिनांना ते चालत नाही. जी दाबावर पेटतात त्यांना ईथर, रॉकेल आणि एरंडेल सारख्या भागाने. ज्यांना पेटता प्लग असतो त्यांना तीन भाग मिथेनॉल, एक भाग एरंडेल. गाडीचं ऑइल मिथेनॉलमध्ये मिसळतच नाही, तळाशी बसून राहतं. आणि एरंडेल म्हणजे दिव्यात घालायचं नव्हे. औषधाच्या दुकानातलं, स्वच्छ, बोटावर घेतलं की तार सुटणारं. इंजिन कितीही तापलं तरी ते धातूला सोडत नाही. मी वासावरून भेसळ सांगायचो, अजूनही सांगतो. शिकलेले लोक बाटलीवरचं वाचतात.

मग कारखान्यात कॉम्प्युटरवर चालणारी यंत्रं आली आणि गजाभाऊला सह्या घेऊन घरी बसवलं. हात शाबूत, नजर शाबूत, पण नको झालेला माणूस. वहिनी म्हणायच्या, हे सकाळी डबा मागतात आणि मग आठवतं की जायचं कुठे. त्याच सुमारास कोथरूडची कॉम्प्युटरवाली पोरं विमानं उडवायला लागली. परदेशी इंजिनं, परदेशी विमानं, तेल घातलेलं तयार इंधनसुद्धा डब्यातून. त्यांच्यातला समीर म्हणून एक जण कसब्यात आला. गजाभाऊचं एक इंजिन हातात धरून उजेडाकडे उलटंसुलटं करून बघितलं. मग म्हणाला, "काका, हे तुम्ही हाताने केलंत? चालवून दाखवा. चाललं तर आमच्या क्लबसाठी दहा करून द्या."

गजाभाऊने त्या एका इंजिनावर दोन महिने घातले. दाढी करायला लागला, पुन्हा वेळेवर जेवायला लागला. आदल्या दिवशी माझ्याकडे आला आणि सहज विचारावं तसं म्हणाला, "रामभाऊ, मिथेनॉल ताजं आहे ना रे?"

"तू लेथ बघ. मला शिकवू नकोस."

ताजं नव्हतं. डबा जूनपासूनचा होता, पाऊण रिकामा, झाकणाचं रबर गेलेलं. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, पावसाळ्यात मीठ ओढतं तसं. मला हे माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. मीच गॅरेजमधल्या पोरांना सांगायचो. पण माझ्या हातचं मिश्रण आहे, माझ्या हातचं बिघडणार कसं, असा एक माज असतो... तो होता.

कोथरूडच्या पलीकडे तेव्हा मोकळी जागा होती. गणपती नुकतेच गेले होते. सात-आठ पोरं जमली. समीरने आपला डबा पुढे केला. "काका, हे घालायचं का? यात सिंथेटिक ऑइल आहे, घाण होत नाही."

"हे गुलाबी सरबत तुमच्या इंजिनांना पाजा," मी म्हटलं. "यात तेल आहे का नुसता वास? याला एरंडेल लागतं. माझं नको असेल तर मी हा चाललो."

गजाभाऊ म्हणाला, "थांब रे. तुझंच घालू."

इंजिन पेटलं, फुरफुरलं, बंद पडलं. पुन्हा पेटलं, बंद पडलं. त्याने इंधनाची सुई आत घेतली, बाहेर काढली, प्लग बदलला. बोटाने पंखा मारून मारून नखातून रक्त आलं. पोरं आधी जवळ उभी होती, मग जरा लांब गेली, मग आपापसात बोलायला लागली. समीर भला मुलगा, तो हळूच म्हणाला, "काका, एकदा आमचं फ्युएल घालून बघूया?"

गजाभाऊने माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं.

"नको," तो म्हणाला. "रामभाऊचं मिश्रण कधी चुकलेलं नाही. माझ्याच लायनरमध्ये खोट राहिली. म्हातारा झालो."

दहा इंजिनांचं काम तिथेच राहिलं. घरी येऊन मी डब्यातलं थोडं मिथेनॉल बशीत ओतून पेटवलं. त्याची ज्योत दिसत नाही, वर हात धरून ऊब बघावी लागते. ऊब गेली तेव्हा बशीत पाणी उरलं होतं. चांगलं मिथेनॉल बशी कोरडी करून जातं. मी ते पाणी मोरीत टाकलं, बशी विसळली आणि जेवायला बसलो.

त्यानंतर गजाभाऊने इंजिन केलं नाही. लेथवर शेजाऱ्यांच्या मिक्सरचे बुश करायचा. मी दर रविवारी जायचो. चहा व्हायचा, गुडघ्यांवर बोलणं व्हायचं, मेट्रोच्या खड्ड्यांवर व्हायचं. त्या दिवसावर नाही. मी सांगणार होतो... दर रविवारी जिना चढताना सांगणार होतो.

तेराव्यानंतर गेलो. म्हटलं आता निदान वहिनींना सांगावं. सांगितलं सगळं, डबा, रबर, बशी. त्या लसूण सोलत होत्या. हात थांबला नाही.

"ठाऊक होतं त्यांना, भावजी. त्या दिवशी आले तसेच पुन्हा बाहेर पडले, नवं मिथेनॉल घेऊन आले. तुमचंच माप, तीनाला एक. इथे, या खिडकीत चालवलं इंजिन. गल्ली डोक्यावर घेतली. खालचे आपटे भांडायला वर आले, तरी बंद करेनात."

"मग त्या पोराला फोन का नाही केला?"

"मीही तेच विचारलं. म्हणाले, काय सांगू त्याला? काही सांगायचं म्हटलं तर रामभाऊचं नाव घ्यावं लागेल."

लोक म्हणतील, केवढं मोठं मन. मला राग आलाय. असलं मोठं मन मी मागितलं नव्हतं. दोन शिव्या घालायच्या होत्यास गजाभाऊ, चार लोकांत डबा माझ्या अंगावर ओतायचा होतास. मी महिनाभर रुसलो असतो आणि तुझी दहा इंजिनं झाली असती. तू तुझ्या हाताला खोटं ठरवलंस आणि मला चहा पाजत राहिलास. हे कसलं वागणं?

वहिनींनी ते इंजिन माझ्या हातात दिलं. घरी आणून पंखा फिरवून बघितला, हलत नाही. बिघाड काही नाही. काम झालं की गजाभाऊ आत चार थेंब एरंडेल सोडायचा, गंजू नये म्हणून, आणि तोंडाशी धोतराची चिंधी खोचायचा. तेच केलंय. इतक्या वर्षांत ते तेल राळेसारखं धरलंय. जरा ऊब दिली की सुटतं, दहा मिनिटांचं काम. सूनबाई दोनदा विचारून गेली, "बाबा, गॅस बारीक करून देऊ का?"

मी म्हणतो, राहू दे. ते इंजिन चालतं. मला माहीत आहे.