गाडी मी चालवत नव्हते

परदेशातल्या विद्यापीठाचं प्रवेशाचं पत्र आलं, त्याच आठवड्यात तिथे आधीपासून शिकणाऱ्या एका मराठी मुलीशी फोनवर बोलणं झालं. मी विचारलं, थंडीसाठी काय काय आणू? ती म्हणाली, "स्वेटर इथे मिळतात. तू ड्रायव्हिंग लायसन घेऊन ये."

माझा विषय माती. मातीचे नमुने आणायला शहराबाहेरच्या शेतांवर जावं लागणार होतं आणि तिकडे बस जात नाही. सुरुवातीचे काही महिने आपल्याकडचं लायसन आणि त्यावर काढलेला आंतरराष्ट्रीय परवाना चालतो, असं ती म्हणाली. गाडीचा विमा काढताना मात्र खोदून खोदून विचारतात. लायसन कधीचं आहे, अपघात झाला होता का, आधी कधी विम्याचा क्लेम केला होता का. "खोटं काही सांगायचं नाही हं, सापडलं तर विमाच रद्द करतात," तिने बजावलं.

मला निघायला आठ महिने होते.

आमचं घर जालना जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या कडेला. आजोबा मेंढरं घेऊन हिंडायचे, वडिलांच्या पिढीने शेती धरली. आमच्या आणि काकांच्या घरात एक भिंत सामाईक. काकांनी सेकंडहँड गाडी घेतली होती आणि ती चालवायचा चुलतभाऊ. तो माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, मी त्याला दादा म्हणते. नववीत असताना ट्रॅक्टरवर बसला तो तेव्हापासून गाडी म्हणजे दादा, असंच दोन्ही घरांत ठरून गेलं होतं. लायसन त्याच्याकडे नव्हतं. काढावं असं कुणाला वाटलंही नव्हतं.

मी त्याला म्हणाले, "दादा, मला शिकव."

"तुला कशाला? तिकडं जाऊन शीक. इथं ठोकून ठिवशील." तो हसला, काका हसले, आणि काकू चहा ओतता ओतता म्हणाली, "पोरीच्या हाती गाडी दिली की लोकं काय म्हणतेत ते बी बघा." त्या गाडीची किल्ली मी पुन्हा कधी मागितली नाही.

गावातल्या शाळेत एक मॅडम होत्या. पंचेचाळिशीत लायसन काढलेल्या, स्वतःची छोटी गाडी स्वतः चालवत शाळेत येणाऱ्या. मी त्यांची विद्यार्थिनी. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "पहिले लर्निंग काढ. मंग ये." लर्निंग निघालं. दर रविवारी सकाळी मॅडम माझ्या शेजारच्या सीटवर बसू लागल्या. मागच्या काचेवर लाल एल चिकटवलेला. बाजाराच्या रस्त्यावर गाडी बंद पडली की ओट्यावरची माणसं उठून उभी राहायची. मॅडम काच खाली करून त्यांना विचारायच्या, "काय काम हाय का?" माणसं परत बसायची.

पक्क्या लायसनच्या टेस्टला जालन्याला गेले, तेव्हा झेरॉक्सच्या दुकानापाशी एका एजंटाने गाठलं. "ताई, कशाला ताप घेता? तुम्ही फक्त फोटोला या, बाकी आपण बघून घेऊ." त्याच्या हाती खरंच काही होतं की नुसत्याच बाता, ते त्यालाच ठाऊक. मी म्हणाले, "मला लायसन न्हाई पायजे, मला गाडी चालवता यायला पायजे." तो माझ्याकडे असं बघू लागला, जणू मी दुकानात येऊन रिकामी पिशवी विकत मागितली.

त्या दिवशी मी नापास झाले. रिव्हर्स घेताना मागचं चाक खांबाला लागलं. टेस्ट घेणाऱ्या साहेबांनी खांबाकडे बोट दाखवलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली. चूक माझीच होती, त्यामुळे भांडायला काही नव्हतं. घरी आले तर दादा ओट्यावरच बसलेला. "काय, झालं का? एजंटाचं ऐकलं असतं तं आज पेढे खाल्ले असते."

दुसऱ्या दिवशी मी आमच्या रिकाम्या वावरात खांब म्हणून कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्या रोवल्या. मॅडमनी गाडी तिथवर आणली. आई धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, उभी राहिली, पऱ्हाटी पडली की पुन्हा उभी करायची आणि ओरडायची, "डाव्या अंगाला! डाव्या!" सातव्या-आठव्या दिवशी एकही पऱ्हाटी पडली नाही. पुढच्या टेस्टला त्याच साहेबांनी कागदावर खूण केली आणि मान हलवली. कार्ड पोस्टाने आलं. दोन्ही घरांत मिळून लायसन असलेलं माणूस एकच झालं, ते म्हणजे मी.

मला निघायला दोन महिने उरले असताना दादा मित्रांना घेऊन राजूरच्या गणपतीला गेला. दुपारी परत येताना वळणावर गाडी पुलाच्या कठड्यावर गेली. कुणाला फार लागलं नाही, त्याच्या कपाळाला तीन टाके पडले. गाडीचं तोंड मात्र पार चेपलं होतं. ट्रॅक्टरला बांधून ती घरी आणली तेव्हा अर्धं गाव बघायला आलं होतं.

संध्याकाळी काका आमच्याकडे आले. हातात विमा कंपनीचा फॉर्म. काकू पाठोपाठ. काका माझ्या समोर बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा मला म्हणाले, "बाई, तुझं ते लायसन दाखीव बरं."

मी आणून दिलं. त्यांनी ते उलटंपालटं करून पाहिलं. "यात नंबर असतो ना? फॉर्मवर ड्रायव्हरचा नंबर लागतो. तुझा टाकून देऊ. तू फक्त सही कर, का गाडी तू चालवून राह्यली होती."

मला आधी नीट कळलंच नाही. मग कळलं.

"मी चालवत नव्हते, काका."

"ते आपल्याला ठाऊक हाय. कंपनीला काय ठाऊक? बिगर लायसनचा मानूस चालवत होता म्हनलं तर क्लेम बुडतो."

"मला तिकडं विचारणार, आधी अपघात केलाय का म्हणून."

"तिकडं कोन टेंभुर्णीला फोन करनार हाय?" काकू म्हणाली. "तू तं चालली. आमाला हितंच राह्यचं हाय."

काका आवाज मऊ करून म्हणाले, "घरातलीच गोष्ट हाय, बाई. एक सही."

वडील खाली बघून बसले होते. त्यांच्या एकट्यावर असतं तर कदाचित त्यांनी मला कर म्हटलं असतं. सख्ख्या भावाला नाही म्हणायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी हळूच विचारलं, "तुला भेव कशाचं वाटतं? व्हिसाचं?"

"भेव न्हाई, अप्पा. राग आला." बोलायला लागले आणि थांबता येईना. "गाडी शिकायला मागितली तेव्हा तुम्ही म्हणले, मी ठोकून ठिवीन. आता दादानं ठोकली, तर ती मीच ठोकली म्हणून सही करू? चालवायला मी नको, ठोकायला मी? दोनदा टेस्ट दिली मी. एजंटाच्या नादी लागले न्हाई. ते काय ह्याच्यासाठी?"

काका उठले, फॉर्मची घडी केली आणि गेले. पण विषय संपला नव्हता. दोन दिवस कुणी ना कुणी येत राहिलं, आत्या, मामा, काकांचे मित्र. प्रत्येकाचं म्हणणं एकच, की एवढं शिकून पोरीला समज नाही. आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन एवढंच म्हणायची, "चहा घेता का?"

तिसऱ्या दिवशी कंपनीचा तपासणीवाला आला. गाडीचे चारी बाजूंनी फोटो काढले, मग अंगणात खुर्चीवर बसून फाईल उघडली. "गाडी कोण चालवत होतं?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीपाशी उभी होते. त्यांनी सहीवाचून माझं नाव आधीच लिहून ठेवलं होतं, हे मला तेव्हाच कळलं, कारण तो माणूस फाईलमधून वर बघत मलाच म्हणाला, "तुम्ही का?"

"न्हाई," मी म्हणाले. "गाडी मी चालवत नव्हते."

"मंग कोण?"

मी दादाचं नाव घेणार नव्हते. ते सांगणं माझं काम नव्हतं. भिंतीपलीकडे कुणाची तरी म्हैस ओरडली. आणि मग कपाळाला पट्टी बांधलेला दादाच पुढे आला. "मी व्हतो," तो म्हणाला. "लायसन न्हाई माझ्याकडं." त्याने कुणाकडेच पाहिलं नाही. तपासणीवाल्याने ते लिहून घेतलं, काकांची सही घेतली आणि चहा न घेता निघून गेला.

क्लेम नामंजूर झाला. गाडी पावसाळाभर लिंबाखाली उभी होती. काका माझ्याशी बोलायचे थांबले. आंतरराष्ट्रीय परवान्यासाठी पासपोर्ट, व्हिसा आणि लायसन घेऊन मी जालन्याला गेले तेव्हा मॅडम सोबत होत्या. मी निघाले त्या सकाळी काकांच्या घराचं दार लावलेलं होतं. दादा मात्र आला. माझी मोठी बॅग उचलून जीपवर बांधली, दोर दोनदा ओढून पाहिला आणि म्हणाला, "जपून चालव." मला वाईट वाटलं होतं, वाटतं आजही. पण पस्तावा झाला नाही, आणि तो व्हावा म्हणून ज्यांनी ज्यांनी प्रयत्न केला त्यांना मी तसं तोंडावर सांगितलं आहे.

गेल्या वर्षी सुट्टीत आले. घरातलंच एक लग्न होतं जालन्याला. मॅडमनी स्वतःहून आपल्या गाडीची किल्ली हातात दिली. आई-अप्पा मागे बसले आणि स्टँडपाशी आलो तर काका-काकू जालन्याच्या जीपची वाट बघत उन्हात उभे. मी गाडी थांबवली, पुढचं दार आतून उघडलं.

"काका, बसा. तिकडंच चाललो."

काकांनी रस्त्याकडे पाहिलं. "जीप येऊन राह्यली," ते म्हणाले. चार वर्षांत त्यांनी माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य.

मी दार ओढून घ्यायला हात पुढे केला, तेवढ्यात काकूने ते धरलं. तिने काकांकडे एकदा पाहिलं, नऊवारीचा काठ सावरला आणि माझ्या शेजारी येऊन बसली. आहेराची पिशवी मांडीवर घेतली.

"यिऊ द्या त्यायला जीपनं," ती म्हणाली. "तू चल जल्दी. हळद सुरू झाली असन."

आरशात काका लहान होत गेले. मी गिअर बदलला.