देवाच्या गाडीचा मागचा दोर

काल नित्याने, म्हणजे माझ्या धाकट्या भावाने, एक जुना फोटो पाठवला. फोंडाघाटाचा उतार, देवाची गाडी, गाडी ओढणारी मंडळी… आणि सगळ्यांची तोंडं मागे! माझ्या मुलीने विचारलं, "आई, हे पुढे का नाही बघत?" सांगायला गेले आणि इतक्या वर्षांनीही अंगावर काटा आला.

आमचं गाव मालवणच्या किनाऱ्याला. आमचे पूर्वज देवाला गाडीत घालून घाटावरून खाली आले, वाटेत बैल पडला तेव्हा माणसांनीच गाडी आणली, असं गाव मानतं. म्हणून दर जत्रेला ती गाडी देवळाभोवती हाताने ओढतात.

पुढच्या दांडीचा मान गावकर घराण्याचा. आणि आमच्या घराण्याचा मान काय, तर गाडीच्या मागे बांधलेला काथ्याचा दोर धरून चालायचं! देवळाभोवती सगळी सपाटी, त्यामुळे दोर नुसता लोंबायचा. गाव आम्हाला 'शेपटेकार' म्हणायचं. मला हसू यायचं, नित्याला मात्र ते फार लागायचं…

कोकण रेल्वे येऊन काही वर्षं झाली असतील. त्या वर्षी तरुण मंडळाने ठरवलं, पूर्वजांसारखं खरोखर फोंडाघाटातून गाडी घेऊन गावापर्यंत चालत यायचं. मग काय, उत्साहाला उधाण! टी-शर्ट छापून आले. गाडी जड जाते म्हणून चाकांना बेअरिंग बसवून आणली. एका बोटाने ढकलली तरी पळायची आणि पोरं टाळ्या वाजवायची.

मानावरून बैठकीत वाजलंच. नित्या उभा राहून म्हणाला, "शेपूट धरूक मी येवचंय नाय. दांडी दिल्यात तर येतलंय." गावकरांचे म्हातारे मानकरी, तात्या, शांतपणे म्हणाले, "मान देवान दिल्लो आसा. तो आमच्या हातात नाय."

नित्या नाही तर त्याचे मित्र नाहीत, आणि ते नाहीत तर गाडी कोण आणणार? शेवटी तोड निघाली, की सरावाला कसला आलाय मान! सरावापुरती नित्याला दांडी मिळाली. खऱ्या दिवसाचं मग बघू…

सराव होता सड्यावरून, म्हणजे गावावरच्या कातळाच्या माळावरून, गावात उतरणाऱ्या घाटीत. गाडीत देवाच्या वजनाचे म्हणून जांभ्या दगडाचे चिरे भरले होते. आई आणि मी पोरांसाठी खाणं घेऊन गेलो होतो. बघते तर बाबा हजर, खांद्यावर दोराचं वेटोळं!

नित्याचा चेहराच पडला. "बाबा, तो दोर घरात ठेव. लोक हसतत."

"हसांदेत," बाबा म्हणाले. "मान रिकामो सोडूक नये." आणि त्यांनी वाकून दोर आसाला बांधला. पोरं खरंच हसली. मीही हसले…

उतार लागला आणि गाडी पोरांच्या अंगावर यायला लागली. आधी पोरं ओढत होती, मग नुसती चालत होती, मग पळायला लागली… सगळं इतक्या पटकन झालं, की कोणी काही ओरडलंसुद्धा नाही. वळणावर बाकीचे उड्या मारून बाजूला झाले. नित्या दांड्यांच्या मध्ये होता. त्याचा पाय घसरला आणि तो खाली पडला.

मागे बाबा दोराबरोबर फरफटत चालले होते. वाटेत काजूचं झाड आलं, त्याला त्यांनी कसाबसा दोराचा वेढा घातला. आईने हातातलं पातेलं टाकलं. आम्ही दोघींनी दोर धरला, बायकांनी धरायचा नसतो हे कोणाच्या ध्यानातही आलं नाही. तळहाताची साल निघत होती आणि तरी मला काही दुखत नव्हतं.

गाडी थांबली. चाक नित्याच्या डोक्याला लागून होतं, त्याच्या केसांत लाल माती उडाली होती.

सराव बघायला आलेले तात्या पुढे झाले, झाडाला वेढलेला दोर त्यांनी चाचपला. मग बाबांना म्हणाले, "दोर ह्येच्यासाठी आसा… तुका म्हायत होता?"

बाबा अजून दोर सोडत नव्हते. म्हणाले, "माका खंय म्हायत? माझो बापूस धरी, म्हणान मी धरलंय."

घाट उतरताना गाडी ओढायची नसतेच, ती आवरायची असते! एवढी साधी गोष्ट, आणि सपाटीवर राहून राहून अख्खं गाव ती विसरलं होतं. ओढणारे तेवढे लक्षात राहिले… आणि आम्ही आमच्याच बापाला हसत होतो.

बेअरिंग काढली. खऱ्या दिवशी, फोंडाघाटात, तात्यांनी आपणहून नित्याला दांडीकडे बोलावलं. तो गेला नाही. बाबांच्या मागे जाऊन त्याने दोर हातात घेतला, आणि त्याच्या मागे मंडळातली पोरं जागेसाठी भांडायला लागली! शेपटालाही भांडण…

प्रत्येक उताराला तात्या मान वळवून विचारायचे, "धरलास मां रे?" दांडीवरचे सगळे मागे बघत थांबायचे, मागून होकार आल्याशिवाय मानकऱ्यांनी पाऊल टाकलं नाही. कोणीतरी नेमका तेव्हाच फोटो काढला.

बाबा आता नाहीत. फोटोखाली नित्याने लिहिलंय, "ह्या फोटोत मी दिसाचंय नाय. मी मागे आसंय, बाबांबरोबर."

नीट बघा, फोटोच्या कडेला दोराचा एक तुकडा दिसतो. तो लोंबत नाहीये.