चर्चचं छप्पर आणि आयकराची सूट

“मॅडम, कंपनीला सूट मिळेल का, तेवढं सांगा. मिळाली तर देताना मला हात आखडायला नको.”

फोनवर सावंत होते. वालीवला त्यांचा कारखाना आहे. शिकले मात्र आमच्या चर्चच्या शाळेत. समोर बसले होते बस्त्यावकाका, चर्चच्या दुरुस्ती समितीचे सचिव. मी सीए, समितीचं कागदपत्रांचं काम बघते.

चर्चचं सागवानी छप्पर वाळवीने पोखरलं होतं. इंजिनीअरने आत बसायला मनाई केली होती. मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, बाहेर मांडवात होत असे. छप्पर उतरवून स्लॅब टाकावा, असं समितीत बहुतेकांचं मत होतं.

धार्मिक कामाच्या देणगीवर सहसा आयकरात सूट नसते. एक अपवाद आहे. केंद्र सरकारने ऐतिहासिक म्हणून जाहीर केलेल्या प्रार्थनास्थळाच्या दुरुस्तीला पैसे दिले, तर काही मर्यादेत निम्मी रक्कम देणाऱ्याच्या करपात्र उत्पन्नातून वजा होते.

“म्हंजे जुनं ठेवलं तर फायदा?” काकांनी विचारलं.

“सरकारने मानलं तर.”

“किती दिस लागतील?”

“सांगता येत नाही.”

समितीने स्लॅब बाजूला ठेवून सरकारकडे अर्ज केला आणि मंजुरीपर्यंत थांबायचं ठरवलं. सभेत मी म्हणाले, “सूट सगळ्यांना मिळेल.” टाळ्या पडल्या.

चर्चच्या वयाचा पुरावा मागणारं पत्र आलं. काका रोज सकाळी जुन्या नोंदवह्या उघडून बसले. डोळ्याचं ऑपरेशन त्यांनी पुढे ढकललं. शेवटी दिल्लीहून मंजुरी आली.

त्याच आठवड्यात मी देणगीदारांची यादी तपासली. नोकरदारांपैकी बहुतेकांनी आयकराची नवी पद्धत घेतली होती. तिच्यात ही सूट नाही. सभेत हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

रविवारी मांडवात उभी राहून मी चूक सांगितली. मग मागून एक बाई म्हणाल्या, “आमी सूट बघून नाव नव्हतं दिलं.” तरी तीन नावं गळाली.

सावंतांच्या कंपनीला सूट लागू होती. मोठा वाटा त्यांनी उचलला. स्लॅब टाकला असता तर बराच पैसा सिमेंट-सळईत गेला असता. जुनं छप्पर दुरुस्त करताना तो मजुरीत गेला. गावातल्या सुतारांना पावसाळ्यापर्यंत काम पुरलं. मिस्सा पुन्हा आत सुरू झाली. काकांनी त्यानंतर डोळा दाखवला. डॉक्टर बरंच रागावले.

सभेत सूट जाहीर करण्याआधी समोरचे लोक कुठल्या पद्धतीने कर भरतात, ते विचारावं. मी आता विचारते.