शकूची पेटी

शकू गेल्याचा निरोप मंगळवेढ्याहून आलेल्या एस.टी.च्या कंडक्टरनं आणला. सकाळची वेळ होती, मी तांदूळ धूत होते. शकुंतला म्हणजे माझी धाकटी जाऊ. महिनाभर माहेरी म्हणून गेली आणि तिथं तिला कावीळ झाली. भाऊजी आठवडाभर तिच्या उशाशी होते, पण ती जाईल असं कुणाच्या मनातही नव्हतं. कंडक्टरनं दारात उभं राहून टोपी काढली तेव्हाच मी समजले. आता लिहायला बसलेच आहे तर खरं तेच लिहिते... डोळ्यांत पाणी यायच्या आधी माझ्या मनात आलं, की सासूबाई हिच्यासाठी जेवढ्या रडतील तेवढ्या माझ्यासाठी रडल्या नसत्या. झालंही तसंच. त्या भिंतीला टेकून बसल्या त्या संध्याकाळपर्यंत उठल्या नाहीत. मी तांब्या पुढे केला तर म्हणाल्या, "शकूच्या माठातलं आन जरा."

शुक्रवार पेठेत आमच्या दोन खोल्या आणि त्यांच्या दोन, मध्ये एक भिंत. सासूबाई रीतीप्रमाणे थोरल्याकडे, म्हणजे आमच्याकडे. मी करमाळ्याची, मॅट्रिक झालेली, विणकाम-भरतकाम येणारी. शकू चौथी शिकलेली, बोलणं गावाकडचं. ती लग्न होऊन आली तेव्हा मी मनातून अगदी निर्धास्त होते. ही काय माझ्यापुढे जाणार, असं वाटायचं. मग बहात्तरचा दुष्काळ आला आणि सगळं उलटंपालटं झालं. नळ एक दिवसाआड, तोही करंगळीएवढ्या धारेनं. रॉकेलसाठी रेशनच्या दुकानापुढे सकाळपासून डबे रांगेत. माझा ड्रम दुसऱ्या दुपारीच तळाला जायचा आणि शकूच्या घरात मात्र पाणी असायचं. ती घमेल्यात बसून अंघोळ करायची, त्याच पाण्यानं फरशी पुसायची आणि उरलेलं मोरीजवळच्या अळवाला घालायची. भांडी राखेनं कोरडीच घासायची आणि मग एका पाण्यातून काढायची. त्या उन्हाळ्यात साऱ्या गल्लीत हिरवं म्हणून काही होतं तर ते तिचं अळू. मी मुद्दाम तिला ऐकू जाईल असं म्हणायचे, "आमच्या माहेरी नव्हती बाई असली भिकारलक्षणं." ती संध्याकाळी कळशी घेऊन दारात हजर. "अक्का, तुमच्या ड्रमात वतू का? माझं भागलंय." नको म्हणायची सोय नव्हती. त्या कळशीचा मला किती राग यायचा म्हणून सांगू...

आणि मग ती पेटी. तिची आई शेतावर जाताना हुलग्याला एक उकळी आणून ते मडकं ज्वारीच्या भुसकटात पुरून ठेवायची, वर गोधडी घालायची. दुपारी परत येईपर्यंत हुलगे शिजलेले. शकूनं तेच इथं केलं. वाण्याकडून चहाचं रिकामं खोकं मागून आणलं, शेजारी चटणीसाठी शेंगा फोडायचे त्यांची टरफलं गोळा करून त्यात ठासून भरली आणि जुन्या लुगड्याच्या चिंध्यांची जाड उशी शिवून वर झाकण केलं. स्टोव्हवर डाळीला चांगली उकळी आली की पातेलं पेटीत. स्टोव्ह बंद. तीन तासांनी डाळ लोण्यासारखी. सासूबाई दुपारच्या जेवायला तिकडे जायला लागल्या. एकदा आमच्या ह्यांनीसुद्धा ताटावर बसल्याबसल्या विचारलं, "शकूकडची आमटी आहे का गं वाटीभर?" मी वाटी आणून दिली आणि स्वतः त्या दिवशी जेवले नाही. कुणी विचारलंही नाही.

शेवटी मीही गुपचूप एक खोकं भरलं. पण माझा स्वभाव पडला संशयी. अर्ध्या तासानं उशी उचलून बघितलं, मग पुन्हा, मग पुन्हा. दुपारी डाळ कच्चीच राहिली, वर आंबूस वास. ती मोरीत ओतत असतानाच शकू दारात आली. तिला सगळं कळलं असणार. नुसतं म्हणाली, "झाकान उगडायचं न्हाय अक्का. त्येला एकलं सोडायचं." मी म्हटलं, मांजरानं तोंड घातलं म्हणून टाकतेय. माझं खोकं मी बंबात जाळलं.

त्यानंतर महिला मंडळाच्या बाई कुणाकडून तरी ऐकून पेटी बघायला आमच्या गल्लीत आल्या. शकू टँकरवर गेली होती. मी त्यांना तिच्या स्वयंपाकघरात नेलं, उशी उचलून दाखवली. बाईंनी कौतुकानं विचारलं, "तुम्ही केलीत?" ...मी हो म्हटलं. एक अक्षर, पण ते मला परत घेता आलं नाही. शनिवारी शाळेच्या हॉलमध्ये सगळ्यांना करून दाखवायचं ठरलं. शकूला मी सांगितलं, की मंडळानं पेटी मागितलीय, तुला बोलायला जमणार नाही म्हणून मी बोलेन. ती म्हणाली, "तुमीच बोला की. मला चार मानसांत घाम फुटतोय." हॉलमध्ये शंभरेक बायका, मी मुगाच्या खिचडीला उकळी आणून पातेलं पेटीत ठेवलं आणि तासभर बोलले. कल्पना कशी सुचली हेसुद्धा सांगितलं. शकू पहिल्या रांगेत बसून ऐकत होती. बोलता बोलता माझा धीर सुटला, हात उशीकडे गेला. तेवढ्यात ती पुढे आली, माझ्या हातावर हात ठेवून हळूच म्हणाली, "अक्का, अजून न्हाय." बायका हसल्या. खिचडी वेळेवर उघडली, मोकळी, वाफाळती. मंडळाकडून मला स्टीलचं पातेलं मिळालं, माझं नाव घातलेलं. घरी येताना ते पातेलं शकूनंच काखेत धरलं होतं.

त्या दिवसापासून मी वाट बघत होते. कधी तरी ही बोलेल, भांडेल, सासूबाईंच्या कानावर घालेल. मग मलाही चार शब्द सुनावता आले असते. ती बोललीच नाही. तिच्या गप्प बसण्याचाही मला हेवा वाटायचा, कारण मला ते कधी जमलं नाही. पातेलं मी फळीवर पालथं घालून ठेवलं. सहा वर्षांत त्यात एकदाही काही शिजवलं नाही.

तेराव्याला मंगळवेढ्याच्या बायका आल्या होत्या. त्यांतली एक म्हातारी माझ्याजवळ सरकून बसली. "तुमीच व्हय अक्का? आमच्या आळीत घरटी हाय तुमची पेटी. शकू सांगायची, आमच्या जाऊबाईनं काडली, मी निस्ती टरफलं भरली. आमी तिला अक्काची पेटीच म्हनतो." तिच्या आईचं भुसकट ज्या गावात वापरलं जायचं, त्याच गावात तिनं माझं नाव लावलं होतं. खरं सांगायचं म्हणून तोंड उघडलं आणि मिटलं.

पाहुणे गेल्यावर मी सासूबाईंपुढे बसले आणि सगळं सांगून टाकलं. त्या सुपारी कातरत होत्या, थांबल्या नाहीत. "मला ठावं हाय," म्हणाल्या. "त्याच दिवशी कळलं हुतं. मी तुला बोलनार हुते, तर शकूनं माझे पाय धरले. म्हनली, आत्याबाई, गप ऱ्हावा, अक्कांना मान खाली घालाया लागंल." सहा वर्षं त्या दोघी भिंतीपलीकडे दुपारी एका ताटाशी बसून माझी चूक झाकून ठेवत होत्या, आणि मी इकडे एकटी. मला लाज वाटायला हवी होती. वाटलीही. पण त्याच्या आधी पोटात जुनीच आग उठली, की त्या दोघींमध्ये एवढं होतं आणि त्यात मला जागा नव्हती.

म्हणून हे लिहून छापायला देते आहे. पेटी शकूची होती. मंगळवेढ्याच्या आळीत कुणी वाचत असेल तर तिथंही सांगावं.

भाऊजींनी पेटी माझ्याकडे आणून दिली आहे. काल पहिल्यांदा ते नाव घातलेलं पातेलं उतरवलं, डाळीला उकळी आणली, आत ठेवलं, वर तिची उशी दाबली. सासूबाई आता दुपारी इथंच जेवतात. तास झाला नसेल तोच माझा हात उशीकडे गेला... आणि तसाच वर थांबला. पाठीमागून सासूबाईंनी विचारलं, "झालं का गं?"

"अजून न्हाय," मी म्हणाले.