कोल्ह्याचं तोंड दिसलं

मंडळी, दुपारपासून जीव थाऱ्यावर नाही, म्हणून लिहितेय.

आमचं गाव रोह्याजवळ. आज भर उन्हात मागच्या खळ्यावर कोल्हा आला. माणसं बघूनही पळेना. मागचे पाय लटपटत होते, तोंडातून लाळ गळत होती. मला ते लक्षण काही बरं दिसेना.

शेजारच्या शेवंताकाकू मात्र हरखल्या. आमच्याकडे कोल्ह्याचं तोंड दिसणं शुभ मानतात ना! "अगो, पोरांना दाखव, परीक्षा हाय त्यांची!" म्हणत त्या नातवंडांना घेऊनच आल्या.

"काकू, पिसाळलेला असेल तो, आत व्हा!" मी ओरडले आणि पोरांना ओढत घरात नेलं. वनखात्याला फोन लावला. गाडी लांब गेलीय, जवळ जाऊ नका, एवढंच म्हणाले.

तेवढ्यात काकूंचा कुत्रा मोती कोल्ह्यावर धावला. कोल्हा त्याच्या नाकाला चावला आणि झोकांड्या खात शेतात निघून गेला.

दुपारभर काकूंना विनवतेय. मोतीला बांधा, जनावरांच्या डॉक्टरांकडे नेऊ, तुम्हीही दवाखान्यात चला. कारण त्यांनी त्या जखमेला उघड्या हातानं हळद लावलीय.

"शुभ जनावर ता. त्याच्या चावण्यानं काय व्हतंय गो?"

अशा माणसाला तुम्ही कसं समजावता? खरंच सांगा.

मोती रोज संध्याकाळी माझ्या हातची भाकरी खातो. आत्ता पायरीवर बसून शेपूट हलवतोय, आणि मी कडी लावून आतून त्याला हाड हाड करतेय.