गोदाकाकूंचा पळस

संक्रांतीचा तिळगूळ अजून डब्यात होता. काटोलहून परतले, तर गल्लीच्या तोंडाशीच कळलं, शेजारच्या गोदाकाकू गेल्या... मला त्यांचा रागच आला. निदान होळीपर्यंत तरी थांबायचं.

महाल भागातल्या आमच्या गल्लीत थंडी सरल्याची वर्दी काकूच देत. माहेरच्या गावाहून पिशवीभर पळसफुलं घेऊन बसमधून उतरत, ती रात्रभर भिजवत आणि धुळवडीच्या सकाळी उकळत. त्या रंगाचा पहिला टिळा वर्षभरात ज्या घरी मृत्यू झाला असेल, तिथे लागे. बाहेरच्या कुणीतरी टिळा लावल्याशिवाय त्या घराने सण करायचा नाही, अशी रीत. हे काम कुणालाच नको असायचं. काकूंनी ते न विचारता अंगावर घेतलं होतं.

अडुसष्ट साली माझी दीड वर्षाची लेक गेली. धुळवडीला काकू आल्या, तेव्हा मी दार उघडलं नाही. "मले रंग नको, काकू. जा तुम्ही." "तुले खेळ कोण म्हणते वं? मी बसून राहिली इथं." उन्हं डोक्यावर आली तरी बाई ओट्यावरून हलेना. शेवटी मलाच राहवेना. काकूंनी टिळा लावला आणि चहा मागितला. साखर किती घालू, असं विचारताना कित्येक दिवसांनी मला माझा आवाज ऐकू आला.

यंदा पाळी काकूंच्याच घराची होती. काका तेरवीपासून दार लावून बसलेले, आणि गल्लीत जो तो एकमेकांकडे बघणारा. मी बाजारातून फुलं आणून गंजात, आमच्या मोठ्या पातेल्यात, उकळली. रंग कसला, डाळीचं पाणी निघालं. तेच घेऊन गेले.

"काका, उघडा जी."

"मले काही नको. जा तू."

मी ओट्यावर बसले. बऱ्याच वेळाने दार किलकिलं झालं. काकांनी गंजात डोकावून पाहिलं.

"चुना नाही टाकला काहून?"

"चुना टाकतात?"

"दरसाली माझाच नेत होती. अन् मी बोंबलत होतो."

त्यांनी खिशातून तंबाखूच्या चुन्याची डबी काढली, नखभर चुना गंजात टाकला आणि बोटानेच ढवळला. पाणी केशरी झालं. काका बघत राहिले, रडले, मग कपाळ पुढे केलं. डबी मात्र माझ्या हातात दिली.

"ठेव तुयापाशी. पुढच्या साली कोणाच्या घरी जा लागन, काय माहीत."

आता तंबाखू मळायची झाली की काका चुना मागायला आमच्या ओट्यावर येतात.